अडकलेली निलगिरी

माईंच्या वाढदिवसाला जावयाला बोलवायचं नाही, असं अण्णांनी ठरवलं होतं, आणि जावयाच्या बायकोला, म्हणजे स्वतःच्याच मुलीला, ते त्याला कळवायला सांगितलं होतं. ताईने कळवलं नव्हतं. नवऱ्याला ती एवढंच म्हणाली होती, की रविवारी मी माहेरी जेवायला जातेय, तुझं काही काम असेल ना. त्याने काम काढलं. दोन्ही बाजू न दुखावता मधून वाट काढत राहणं हा गेलं वर्षभर ताईचा पूर्णवेळचा व्यवसाय झाला होता. वडिलांच्या ऑफिसात फोन घेणं हा त्यामानाने जोडधंदा.

जेवण सुरू झालं होतं. टेबलाच्या एका टोकाला अण्णा, दुसऱ्या टोकाला त्यांचा मुलगा. हा झाडांच्या निगेचा कसलासा कोर्स करून आल्यापासून दोर सोडून हातात टॅबलेट धरायला लागला होता, म्हणून घरात त्याला साहेब म्हणत. सुरुवातीला चिडवायला म्हणत. पुढे तो त्या हाकेला ओ द्यायला लागला. घरच्या ट्रकवर ‘वृक्षशल्यविशारद’ अशी मोठी अक्षरं त्यानेच रंगवून घेतली होती. तेव्हापासून महिन्यातून एखादा तरी फोन पित्ताशयातल्या खड्यांबद्दल यायचा, आणि तो ताईलाच घ्यावा लागायचा.

“एक सांगतो,” अण्णा म्हणाले, आणि सगळ्यांना कळलं की विषय जावयाचा आहे. “दोराला लटकायला मी शिकवलं. करवत धरायला मी शिकवलं. आणि आता स्वतःचा धंदा काढून मला म्हणतो, तुमचे भाव जास्त आहेत. अरे, भाव काय मी झाडावरून तोडून आणतो?”

“अण्णा, आज माईचा वाढदिवस आहे,” ताई म्हणाली.

“म्हणून तर बसून बोलतोय. एरवी उभा राहून बोललो असतो.”

तेवढ्यात ताईचा फोन वाजला. नवऱ्याचं नाव दिसलं तशी तिने फोन उलटा केला. तो पुन्हा वाजला. तिसऱ्यांदा वाजल्यावर माई म्हणाल्या, “घे गं. एवढा वाजतोय म्हणजे काहीतरी आहे.”

“अण्णा आहेत का शेजारी?” पलीकडून नवऱ्याने विचारलं.

“आहेत.”

“मग बाहेर जा. झाड बसलंय.”

तिला बाहेर जायची गरज नव्हती. फोनमधला आवाज सगळ्यांनी ऐकला होता, आणि या घरात त्या दोन शब्दांचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नसे. बुंध्याला काप देऊन झाला, की झाड आपल्याला हवं तिकडे पडावं. ते न पडता उलटं मागे रेललं, करवत कापात चिमटून धरली आणि भलत्याच बाजूला कललं, की झाड बसलं म्हणायचं. मग ते कधी पडेल आणि कुणावर, हे फक्त झाड ठरवतं.

अण्णांनी तोंडातला घास शांतपणे संपवला. वर्षभरात त्यांना इतकं बरं वाटलं नव्हतं.

“कुठे?” त्यांनी विचारलं.

“दंतवैद्यबाईंकडे,” ताई फोन कानाला लावूनच म्हणाली. “मागच्या अंगणातली निलगिरी. शेजारच्या झाडात अडकलीय. खाली त्यांची नवी काचेची खोली आहे.”

“ती निलगिरी?” साहेबाने टॅबलेट जवळ ओढला. “ती तर मी बघून आलो होतो. भाव दिला होता आपण. बाई म्हणाल्या, जास्त वाटतो. आणि मग ते काम यांना मिळालं? आपल्यापेक्षा जरासंच कमी सांगून? इतकं मोजून कमी कोण सांगतं? ज्याला आपला आकडा माहीत आहे तोच.”

दोघे बापलेक ताईकडे बघायला लागले.

“मी नाही सांगितलं,” ती म्हणाली. कुणी विश्वास ठेवला नाही. माई मात्र भांड्यात काही उरलं नसताना वाढायला उठल्या.

“विमा आहे का त्याच्याकडे?” साहेबाने विचारलं.

ताईने पाण्याचा पेला उचलला.

“विमा म्हणजे वायफळ खर्च, असं म्हणायचे ना आमचे जावईबापू,” अण्णा म्हणाले. “खोली फुटली तर कशातून भरून देणार? ट्रकसाठी राहतं घर तारण ठेवलंय.”

ते वाक्य तोंडातून गेल्यावर त्यांना आठवलं की त्या घरात आपली मुलगीही राहते. ते उठले. साहेब उठला. ट्रकच्या किल्ल्या शोधेपर्यंत माई पुढच्या सीटवर जाऊन बसल्या होत्या.

“तू कशाला?” अण्णांनी विचारलं.

“वाढदिवस माझा आहे. मी ठरवीन कुठे साजरा करायचा ते.”

*

जावई दंतवैद्यबाईंच्या हिरवळीवर एका उलट्या बादलीवर बसला होता. हाताखाली आणलेली दोन रोजंदारीची माणसं पहिल्या कर्र आवाजाला मजुरी न मागता निघून गेली होती. सकाळपासून त्याचा झालेला फायदा काय तो तेवढाच.

समोर निलगिरी उभी होती, म्हणजे उभी नव्हती. बुंध्याशी अर्ध्याहून जास्त कापलेली, कापात करवत दाबून धरलेली. वरचा शेंडा शेजारच्या झाडाच्या बेचक्यात टेकलेला, आणि त्या दोघांच्या मधोमध खाली बाईंचा नवा दवाखाना. छत काचेचं, भिंती काचेच्या, आत प्लास्टिकच्या आवरणातून अजून न काढलेली दात काढायची खुर्ची.

सासऱ्यांचा ट्रक फाटकात शिरताना बघून जावयाच्या मनात दोन गोष्टी एकदमच आल्या. एक म्हणजे, आता झाड पडावं आणि आपल्यावरच पडावं. दुसरी म्हणजे, अण्णा आले, सुटलो. दुसरीचा त्याला जास्त राग आला.

“वा,” अण्णा म्हणाले. झाडाभोवती ते एखाद्या प्रदर्शनात फिरावं तसे फिरले. “वा, जावईबापू. शेंड्यापासून तुकडे करत खाली यायचं सोडून अख्खं झाड एका फटक्यात पाडायला निघालात?”

“त्या पैशात तेवढंच परवडत होतं.”

“आमच्या भावात वरून कापणं होतं,” साहेब टॅबलेट वाचत म्हणाला. “दोराने फांद्या उतरवणं होतं, परवानगी होती, विमा होता, लाकूड उचलणं होतं. तुम्ही आकडा तेवढा घेतलात आणि काम सोडून दिलंत.”

दंतवैद्यबाई पांढऱ्या बुटांत मागच्या दारात उभ्या होत्या. “हे बघा, तुमचं घरचं भांडण तुम्ही घरी करा. मी तीन ठिकाणी भाव विचारले आणि सगळ्यात स्वस्त घेतला. यात माझं काय चुकलं?”

“बाई, दाढ काढायला येणारा माणूस तीन ठिकाणी भाव विचारतो का?” साहेबाने विचारलं.

“विचारतो ना. आणि स्वस्तातल्याकडे जाऊन अर्धी मोडून घेतो, मग माझ्याकडे...” बाई थांबल्या. आपण काय बोललो ते त्यांनी बोलून झाल्यावर ऐकलं. त्या आत जाऊन खुर्चीवर एक चादर टाकून आल्या, जणू झाड पडलंच तर चादरीवर पडणार होतं.

अण्णांनी ट्रकमधून चढायचा पट्टा काढला आणि कमरेला लावायला सुरुवात केली.

“कोण चढणार आहे?” माईंनी विचारलं.

“दुसरं कोण आहे इथे चढणारं?”

“गेल्या महिन्यात फडताळातली बरणी काढताना खांदा धरून खाली बसला होतात. ती बरणी अजून तिथेच आहे.”

“चढायचं नाहीच,” साहेब म्हणाला. “कुणीच नाही. अर्धवट कापलेल्या, लटकलेल्या झाडावर माणूस चढवत नाहीत. कोर्समध्ये पहिल्याच दिवशी शिकवतात.”

“कोर्स,” अण्णा म्हणाले. पण पट्ट्याचं बक्कल त्यांनी लावलं नाही. तो बरोबर बोलतोय हे त्यांना साहेबाच्या जन्माआधीपासून माहीत होतं. फक्त ते साहेबाने सांगावं हे पटत नव्हतं. “मग काय करायचं म्हणतोस? प्रार्थना?”

“पाळणा लागेल.”

सगळ्यांनी अण्णांकडे बघितलं. पाळणा म्हणजे ट्रकवर बसवलेला लांब लोखंडी हात आणि त्याच्या टोकाला दोन माणसं उभी राहतील एवढी बादलीसारखी जागा. तसला एक पाळणा घ्यावा, असं अण्णांच्या धाकट्या भावाचं म्हणणं होतं. झाडावर चढायला येत नाही त्याने झाडाच्या धंद्यात कशाला राहावं, असं अण्णांचं. त्यावरून दोघांचा धंदा वेगळा झाला, मग बोलणं बंद झालं. काकांनी पाळणा घेतला. “माझा भाऊ पाळण्यात बसून झाडं कापतो,” हे वाक्य अण्णा ओळखीच्या प्रत्येकाला ऐकवत आले होते. ते ऐकून हसणारी माणसंही आता पाळणाच बोलवायची.

“रविवारी कोण येणार पाळणा घेऊन,” अण्णा म्हणाले. “जाऊ दे.”

माईंनी पर्समधून फोन काढला. त्यांना नंबर शोधावा लागला नाही.

“भाऊजी, मी बोलतेय. दरवर्षी आजच्या दिवशी तुम्ही फोन करता, या वर्षी मीच केला. हो, हो, शुभेच्छा राहू द्या. तुमची गाडी घेऊन या.”

अण्णा बायकोकडे बघत राहिले. “तो तुला फोन करतो? दरवर्षी?”

“तुमच्याशी भांडण आहे त्यांचं. माझ्याशी नाही.”

*

काकांना यायला वेळ लागणार होता, आणि वारा हळूहळू वाढत होता. अण्णांनी आधी बुंधा बांधून घ्यायला लावला. ट्रकच्या मागे तारेचा जाड दोर, दोराचं दुसरं टोक निलगिरीला, कललेल्या बाजूच्या बरोबर उलट. ताईला त्यांनी ट्रकच्या स्टिअरिंगवर बसवलं. दोर ढिला दिसला की ट्रक बोटभर पुढे घ्यायचा, जास्त नाही. मग करायला काही उरलं नाही, म्हणून ते मुलीच्या खिडकीशी आले.

“खरं सांग. भाव तूच सांगितलास ना नवऱ्याला?”

“नाही अण्णा.”

“मग त्याला स्वप्न पडलं?”

जावई बादलीवरून उठला. त्याने माईंकडे बघितलं. बघायचं नव्हतं, पण बघितलं.

माईंनी एक निःश्वास टाकला. हे कधीतरी होणारच होतं. आज व्हायचं असेल तर आज. निदान वाढदिवसाला तरी कुणी फार बोलणार नाही, असा त्यांनी हिशोब केला.

“तिला कशाला दटावता? मी सांगते भाव,” त्या म्हणाल्या. “हा साहेब जेवताना मोठमोठ्याने बोलतो, या बाईंना एवढे सांगितले, त्या गृहस्थांना तेवढे. मी काय बहिरी आहे? जावई फोन करून तब्येत विचारतात, मी तब्येत सांगते आणि भाव सांगते.”

“माई,” साहेब म्हणाला, आणि त्याने टॅबलेट खाली केला.

“पोरीचं घर चालायला नको?”

“आणि आपलं?” अण्णांचा आवाज चढला. “आपलं घर चालायला नको?”

“आपलं चालतंयच. थोडं कमी चाललं तर तुमचं पोट उतरेल.” मग त्या जावयाकडे वळल्या. त्याला वाटलं होतं की या माऊलीने आपल्याला वाचवलं. “आणि तुम्ही हो. भाव मी सांगितला. झाड कसं कापायचं तेही मीच सांगायला हवं होतं का?”

ताई स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोर बघत होती. तिला हसू येत होतं आणि रडूही. वर्षभर वडील तिच्यावर संशय घेत होते, वर्षभर नवरा तो घेऊ देत होता. त्याला एका वाक्यात मिटवता आलं असतं.

“तुला माहीत होतं,” ती खिडकीतून त्याला म्हणाली. “अण्णा माझ्याशी कसे वागतायत हे मी तुला रोज सांगत होते.”

“माईंनी शपथ घातली होती.”

“बरं,” ती म्हणाली, आणि ट्रक बोटभर पुढे घेतला.

*

काका आले ते इस्त्रीचा शर्ट आणि काळा चष्मा घालून. पिवळ्याधमक गाडीवर त्यांचं स्वतःचं नाव झाडाच्या फांद्यांसारख्या अक्षरांत लिहिलेलं होतं, म्हणजे वाचता येत नव्हतं. खाली उतरून त्यांनी आधी वहिनींना नमस्कार केला, मग झाडाकडे बघितलं, आणि भावाकडे सगळ्यात शेवटी.

“वरून पाळणा चालवायला मी आहे,” ते म्हणाले. “पण माझा कापणारा सुट्टीवर आहे. वर दुसरा माणूस लागेल.”

जावयाने हात पुढे केला. मग वर शेंड्याकडे बघितलं आणि हात परत खिशात घातला. साहेबाने सांगितलं की त्याच्याकडचं सर्टिफिकेट देखरेखीचं आहे.

“खांद्याच्या वर हात न्यावा लागत नाही पाळण्यात,” काका भावाकडे न बघता म्हणाले. “कमरेच्या उंचीवर कापायचं असतं. म्हाताऱ्या माणसांना बरं पडतं.”

अण्णा पाळण्याकडे चालायला लागले. काका मध्ये उभे राहिले.

“आधी म्हण.”

“काय म्हणू?”

“पाळणा बरा असतो.”

“बाजूला हो.”

“इतकी वर्षं जगाला सांगत फिरलास. आज एकदा इथे म्हण. जास्त लोक नाहीत, घरचेच आहेत.”

वाऱ्याचा एक झोत आला. वर बेचक्यात काहीतरी मोडलं, निलगिरी हातभर खाली सरकली, ताईच्या ट्रकचा मागचा भाग दोराच्या ताणाने चाकांसकट वर उचलला गेला आणि परत टेकला. दंतवैद्यबाईंनी डोळ्यांवर हात ठेवले.

“बरा असतो,” अण्णा म्हणाले.

“कोण?”

“पाळणा.”

काका बाजूला झाले. माई पुटपुटल्या, “दोघांचं मिळून वय काढा, आणि हे बघा.”

पाळणा वर निघाला. खालून सगळ्यांना दोन पाठी दिसत होत्या, एक घामेजलेली, एक इस्त्रीची. खालून दिसत नव्हता तो काकांचा चेहरा. छपराच्या वर गेल्यावर त्यांनी काळ्या चष्म्याआड डोळे मिटून घेतले. दांड्यावरची बोटं पांढरी पडली. रोज गाडी जमिनीवरच्या दांड्यांनी चालवायची आणि वर नोकर पाठवायचा, ही त्यांची पद्धत होती. पण आज खाली वहिनी होत्या, पुतणी होती, आणि हा होता. स्वतः वर जाईन म्हणून बसले होते.

अण्णांनी करवत सुरू करायला दोरी धरली आणि भावाच्या हाताकडे बघितलं.

“अजून?” त्यांनी विचारलं.

“अजून,” काका म्हणाले.

लहानपणी घराजवळच्या झाडावर हा अर्ध्यात जाऊन रडायचा, आणि अण्णा त्याला पाठीवर घेऊन खाली आणायचे. हे अण्णांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. भांडण झालं तेव्हा सांगता आलं असतं. भावाला पाळणा का हवा होता, ते त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्यावर ते जन्मभर विनोद करत राहिले होते, खरं कारण तेवढं सोडून.

“खाली बघू नकोस,” अण्णा म्हणाले. “माझ्या कानाकडे बघ. आणि मी सांगतो तसा दांडा हलव. डावीकडे. हळू. हां.”

खालून साहेबाला वाटलं की भांडण चाललंय. “वर वाद घालू नका,” तो ओरडून म्हणाला. “संवाद स्पष्ट असला पाहिजे, असा नियम आहे.”

शेंड्याकडून सुरुवात झाली. प्रत्येक तुकड्याला आधी दोर, मग काप. दोराचं टोक जावयाने एका जाड बुंध्याला वेढे घालून धरलं होतं. एकदा काम हातात आल्यावर तो सावरला. तुकडा सुटला की तो दोर सैल सोडत काचेच्या छतावरून अलगद पलीकडे उतरवत होता, आणि हे तो उत्तम करत होता. अण्णांनी वरून दोनदा बघितलं. दोन्ही वेळा काही बोलले नाहीत, म्हणजे त्यांना आवडलं होतं. एकच तुकडा झोका घेऊन गेला आणि कोपऱ्यातली एक काच तडकली. बाकी निलगिरी तुकड्यातुकड्यांनी खाली आली. वजन उतरलं तसा बुंधा बेचक्यातून सुटला, आणि तारेने ओढून हिरवळीवर आडवा झाला. कापातली करवतही सुटली. वाकडी झाली होती.

*

उन्हं कलली होती. दंतवैद्यबाई तडकलेल्या काचेवरून बोट फिरवून आल्या आणि तिन्ही मालकांसमोर उभ्या राहिल्या.

“काचेचे पैसे वजा करून बाकी कुणाला द्यायचे?”

“काम माझं होतं,” जावई म्हणाला.

“कापलं मी,” अण्णा म्हणाले.

“गाडी कुणाची?” काका म्हणाले. जमिनीवर पाय टेकल्यापासून त्यांचा आवाज परत आला होता.

“तुमचं तुम्ही ठरवा. मला समोरच्या बाजूची दोन झाडंही दाखवायची आहेत. फोन कुणाला करू?”

तीन हातांत तीन कार्डं आली. बाईंनी एकही घेतलं नाही. त्या ट्रकमधून उतरणाऱ्या ताईकडे बघत होत्या.

“तुमचा आवाज मी ओळखला,” त्या म्हणाल्या. “पहिल्यांदा यांच्या ऑफिसात फोन केला तेव्हा तुम्हीच होता. मग यांना,” त्यांनी जावयाकडे बोट केलं, “संध्याकाळी केला, तेव्हाही तुम्हीच. तिकडे जरा बारीक आवाजात बोलत होता.”

अण्णांनी मुलीकडे बघितलं. “तू त्याचेही फोन घेतेस?”

“दिवसा तुमचे, संध्याकाळी त्याचे. भाव कधी सांगितला नाही, अण्णा. नुसते फोन घेतले. दोघांपैकी एकालाही माणसांशी बोलता येत नाही.”

काका पटकन पुढे झाले. “पोरी, माझ्याकडे ये. माझ्याकडे आहे तो मुलगा गिऱ्हाइकांना ताटकळत ठेवून गाणी ऐकवतो. उद्यापासून ये.”

“किती देणार?”

“घरचीच आहेस, ते काय...”

“घरची आहे म्हणून विचारतेय. इथे घरचीच असल्यामुळे आजवर कुणी आकडाच बोललेलं नाही.”

ती दंतवैद्यबाईंकडे वळली आणि स्वतःचा नंबर सांगितला. “झाडं बघून भाव उद्या कळवते. त्यात वरून कापणं असेल, विमा असेल, आणि कमी होणार नाही.”

“चालेल. पण कुठल्या कंपनीतर्फे?”

“ते उद्याच ठरेल. तिघांपैकी जो मला बरा भाव देईल तो.”

माई तोवर पिवळ्या गाडीत चढून बसल्या होत्या. तिची सीट उंच होती, कमरेला बरी वाटत होती. ताई त्यांच्या शेजारी बसली. काकांनी एकदा भावाकडे बघितलं. मग चष्मा नीट केला आणि गाडी सुरू केली. साहेब लाकडं भरलेला ट्रक घेऊन निघाला, कारण लाकूड उचलणं हे त्याच्या टॅबलेटमध्ये लिहिलेलं होतं.

उरले दोघे. त्यांच्या हातात बाईंनी एक दाताळं आणि एक खराटा आणून दिला. हिरवळीवर भुसा राहिलेला त्यांना चालणार नव्हता.

दोघांनी दोन टोकांकडून भुसा ओढून ढीग केला. मग जावयाचा पाना, दोर, वाकडी करवत सगळं दोन मालकांच्या हातून त्याच्याकडे आलेल्या जुन्या ट्रकमध्ये गेलं. अण्णा त्या ट्रकच्या दाराशी उभे राहिले. ते दार बाहेरून उघडत नव्हतं. जावई पलीकडून चढला, आतून सरकत आला आणि त्याने ते सासऱ्यांसाठी उघडलं.

“दोर बरा सोडलात आज,” अण्णा बसता बसता म्हणाले.

“हं.”

“उद्या सकाळी तुमचे फोन कोण घेणार?”

जावयाने किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली नाही.

“तुमचे?” त्याने विचारलं.

अण्णांनी दार ओढून घेतलं. ते आता आतूनही लागेना.